एडीएचडी असलेल्या प्रौढांसाठी कोकणातल्या घरात कामाची जागा कशी मांडावी?

पडवी (धागालेखिका)
प्रौढपणी एडीएचडीचं (लक्ष एका जागी टिकवणं जड जाणाऱ्या विकाराचं) निदान झालेल्यांनी कामाची जागा कशी मांडावी यावर जे वाचायला मिळतं, त्यात बंद दाराची स्वतंत्र खोली, एसी, अखंड वीज आणि शांतता गृहीत धरलेली असते. दापोली-गुहागरकडच्या कौलारू घरात यातलं काहीच नसतं, म्हणून हा धागा.

जागा अशी आहे: माजघराला लागून ८ बाय १० फुटांची खोली, चिऱ्याच्या भिंती, पूर्वेला एक खिडकी. दार नाही, पडदा आहे. काम हिशेबाचं आणि जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं, शिवाय मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी. घरात सासू-सासरे आणि शाळकरी मूल. निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केलंय, औषध सुरू आहे. प्रश्न जागेचा आणि सवयींचा आहे. "मन लावून कर" सोडून काहीही सांगा, पण नेमकं सांगा: काय कुठे ठेवायचं, किती उंचीवर, आणि कशामुळे बिघडतं.

कातळवाट
आधी एक मूळ मुद्दा, मग टेबल. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञांची मांडणी अशी की एडीएचडी ही मुख्यतः स्वनियमनाची अडचण आहे. काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं, पण त्या वेळी, त्या जागी ते आठवून सुरू करणं जड जातं. म्हणून आधार काम घडतं तिथेच हवा. विवरणपत्राची तारीख फोनच्या पोटात असून उपयोग नाही, स्क्रीनवरून नजर वर केली की ती समोर दिसायला हवी. पाण्याची मोटर बंद करायची आठवण टेबलावर लिहून काही साधत नाही. ती खटक्याजवळ लावा, आणि त्याहून बरं म्हणजे टाकीत फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा) बसवून घ्या, मग आठवणीचं कामच उरत नाही. घरातल्या प्रत्येक गोष्टीला हा प्रश्न विचारा: ही कुणी लक्षात न ठेवता होईल का?

आता खोली. टेबलाची उंची ७२ ते ७५ सेंटिमीटर. ते दक्षिणेच्या भिंतीला लावलं की पूर्वेची खिडकी डावीकडे येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली कागदावर पडत नाही, स्क्रीनवर चकाकी कमी येते आणि आवारातली हालचाल थेट डोळ्यांसमोर राहत नाही. खिडकीकडे पाठ केलीत तर सकाळचं ऊन सरळ स्क्रीनवर येईल. पडदा पाठीमागे नको, नजरेच्या कडेला हवा. मागून कुणी आलं की दचकायला होतं आणि चालू विचार तुटतो.

दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असेल तर आधी तो हलवा. पात्यांची सावली टेबलावर सतत लपलपत राहते. इतरांना ती जाणवतही नाही, एडीएचडी असलेल्याचं अर्धं लक्ष तिथेच जातं.

बांदिवडेकर
दक्षिणेकडे तोंड करून बसायचं म्हटल्यावर घरातली मोठी माणसं काय म्हणतील ते मी आत्ताच ऐकतोय :)

कातळवाट
मग उत्तरेच्या भिंतीला लावा, वाद घालू नका. खिडकी उजवीकडे येईल, तर टेबल-लॅम्प डावीकडे ठेवा. पावसाळ्यात दिवसाही दिवा लागतोच. ९ वॅटचा पांढऱ्या उजेडाचा एलईडी, कागदापासून दीड-दोन फुटांवर, एवढं पुरतं.

सुरंगी
व्यवसायाने ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी) आहे, त्यामुळे सामानाच्या मांडणीबद्दल लिहिते.

एडीएचडीत जे दिसत नाही ते जवळजवळ नसल्यासारखं होतं. फाइल बंद कपाटात गेली की तिच्यासोबत कामही जातं. म्हणून सगळीकडे उघड्या फळ्यांचा सल्ला देतात. कोकणात मात्र जून ते सप्टेंबर उघड्या फळीवरच्या कागदाला बुरशी धरते आणि पाकिटं आपोआप चिकटतात. यातून मार्ग एकच, पारदर्शक, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे. एका डब्यात एकाच प्रकारचं काम. तीन-चार लिटरच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी टाका. नारिंगी दाण्यांचं घ्या, ओल शोषल्यावर ते हिरवट होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. दाणे पुन्हा वापरायचे तर १०० ते १२० अंशांवर एक-दोन तास तापवायचे, स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. पावसाळी उन्हात ठेवून ते सुकत नाहीत.

डब्याला नाव द्याल ते क्रियापदाने द्या. "कागदपत्रे" असं लिहिलेल्या डब्यात काहीही जाऊन बसतं. "भरायची बिलं", "सही घ्यायची", "सीएंना पाठवायचं" असं लिहिलं की डबा उघडताच काय करायचं ते कळतं.

चिकट चिठ्ठ्यांवर भिस्त ठेवू नका. चुन्याच्या किंवा ओल धरलेल्या भिंतीवर त्या एका रात्रीत खाली येतात. घरात लोखंडी कपाट असेलच, त्याचा दरवाजा म्हणजे तयार फळा. लोहचुंबक प्लास्टिकचं आवरण असलेले घ्या. खाऱ्या हवेत उघडे चुंबक गंजतात आणि रंगावर डाग पाडतात.

खाजण
सुरंगीताई, डब्यांशी सहमत, पण "सगळं दिसू दे" याच्याशी नाही. समोर बारा डबे दिसले की बारा कामं एकदम हाका मारतात आणि माणूस तिसरंच काहीतरी करायला उठतो. टेबलावर बसल्यावर समोर फक्त आजचा डबा असावा. बाकीचे पाठीमागच्या मांडणीवर: उठून वळलं की दिसतील, बसल्या जागी दिसणार नाहीत.

शिवाय कपाटाच्या दारावर लावलेली चिठ्ठी आठवड्याभरात भिंतीचाच भाग होते आणि नजर तिच्यावरून घसरते. जागा किंवा रंग बदलत राहावं लागतं. आणि फळ्यावर तीनच ओळी. चौथं काम आलं की एक पुसायचं नाहीतर उद्यावर ढकलायचं.

सुरंगी
पटलं. बसल्या जागी एक, उठल्यावर सगळे. माझ्या यादीतही हीच दुरुस्ती.

रापण
ह्यां सगळां बरां आसा, पण पावसात लाईट गेली काय करूचां तां सांगा.

ठिणगी
रापणदादांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. वीज जाते तेव्हा उजेड जातो, त्यासोबत कामाचा धागाही जातो. एडीएचडीत थांबलेलं काम पुन्हा हातात घेणं हे नव्याने सुरू करण्याइतकंच अवघड असतं. म्हणून इथे इन्व्हर्टरला चैन समजू नका.

हिशेब असा: पंखा ७५ वॅट, दिवा ९, राउटर १० ते १२, लॅपटॉप ६०. एकूण साधारण १५५. १२ वोल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात निम्मे ते साठ टक्के धरा, म्हणजे सहा तास चालेल. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावला तर तो ३० वॅटच्या आसपास घेतो आणि वेळ आठ-नऊ तासांवर जाते. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि इको असे दोन पर्याय असतात, तो यूपीएसवर ठेवा. इकोवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि डेस्कटॉप संगणक, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. एवढा खर्च नको असेल तर निदान राउटरसाठी १२ वोल्टचा छोटा यूपीएस घ्या. आधी अडॅप्टरवर वोल्ट आणि अँपिअर वाचा, सगळे राउटर १२ वोल्टचे नसतात.

आणि एक सवय, फुकट आहे. टेबलावर जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड आणि दोरीने बांधलेलं पेन ठेवा. वीज गेली, हाक आली, फोन वाजला, काहीही झालं तरी उठण्याआधी त्यावर पुढची एकच पायरी लिहायची. "हिशेब पूर्ण करणे" असं नाही, "एप्रिलच्या खरेदीतली सातव्या बिलाची रक्कम तपासायची" असं. परत आल्यावर विचार न करता हात तिथेच जातो.

नारळीपोफळी
ते दोरीने बांधलेलं पेन फार मोलाचं आहे. आमच्या घरी पेनं शाळेच्या दप्तरात जन्माला येतात आणि तिथेच परत जातात.

तिवर
वेळेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. एडीएचडीत वेळ सरकल्याचं आतून कळत नाही, म्हणून ती डोळ्यांना दिसावी लागते. आकड्यांचं घड्याळ "किती वाजले" सांगतं, "किती उरले" सांगत नाही. काट्यांचं मोठं घड्याळ घ्या, टिकटिक न करणारं, आणि टेबलासमोर नजरेच्या रेषेत लावा. काम सुरू करताना त्याच्या काचेवर फळ्याच्या मार्करने मिनिटकाट्यापासून संपायच्या वेळेपर्यंत पाचर रंगवा. काटा पाचरीत कुठे आला ते एका नजरेत दिसतं. पुसायला सुकं फडकं पुरतं.

फोनवर टायमर लावू नका. टायमर बघायला फोन उचलला की मेसेज दिसतात आणि परत यायला अर्धा तास लागतो. स्वयंपाकघरातला चावीचा टायमर बरा.

पोमोडोरो, म्हणजे टायमर लावून ठरावीक वेळ काम आणि मग छोटी विश्रांती, या पद्धतीची २५ मिनिटं फ्रान्चेस्को सिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या अभ्यासासाठी ठरवली होती. तो काही दंडक नाही. नको वाटणाऱ्या कामाला १० मिनिटांपासून सुरुवात करा.

खाजण
२५ असो की १०, रंगात आलेलं काम घंटेने तोडायचं कशाला? हिशेबात तंद्री लागली की चार तासांचं काम दोन तासांत होतं.

तिवर
होतं, आणि जेवण राहतं, मूल शाळेतून आलेलं कळत नाही, औषधाची वेळ जाते. म्हणून टायमर दोन प्रकारचे हवेत. सुरुवातीचा छोटा, हाताशी. तो वाजला आणि काम रंगात असेल तर खुशाल पुढे चालू द्या. थांबायचा मोठा, ९० मिनिटांचा, खोलीच्या पलीकडच्या टोकाला किंवा माजघरात. तो बंद करायला उठावंच लागतं. हाताजवळचा गजर न बघता बंद होतो, हेच मुख्य कारण आहे त्याचा उपयोग न होण्याचं.

दर्यावर्दी
सवयी घड्याळाला बांधा असं कुणी सांगितलं तर आमच्याकडे ते चालत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. खाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांची सकाळ दर आठवड्याला वेगळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मग दिनक्रम पुन्हा बदलतो. बंदरावर लिलावाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला "रोज नऊला टेबलावर बस" सांगून काय उपयोग?

कातळवाट
म्हणून वेळेऐवजी घटनेला बांधायचं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये "असं झालं की तसं करीन" या पद्धतीच्या ठरावांवर लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे. "सकाळी हिशेब लिहीन" हा ठराव विरून जातो. "टोपल्या धुऊन झाल्या की लगेच पाटावर बसून आजच्या पावत्या वहीत चढवीन" हा टिकतो, कारण टोपल्या रोज धुतल्या जातातच, कितीही वाजता. अट एवढीच, आधीची घटना नक्की घडणारी आणि डोळ्यांना दिसणारी हवी. "फुरसत मिळाली की" ही घटना नव्हे.

आठवड्याचा आढावा आठवडी बाजाराच्या दिवसाला बांधा. बाजारातून आलं, पिशव्या रिकाम्या केल्या, की कालनिर्णयसमोर उभं राहून पुढचे सात दिवस वाचायचे. बसायचं नाही, उभ्यानेच, दहा मिनिटं.

पडवी
खूप उपयोगी येतंय. पण दोन गोष्टी राहिल्या: घरातल्या हाका आणि आंब्याच्या ऑर्डरी. आणि जीएसटीसाठी मुदतीआधीची खोटी तारीख लिहून ठेवली तर चालेल का?

कलमबाग
ऑर्डरींचं मी सांगते, आमच्याकडे सगळा धंदा असाच चालतो. एक ऑर्डर, एक कार्ड. त्यावर नाव, पत्ता, पेट्या किती, किती डझनाची, कच्चा की तयार, पैसे आले का, आणि अढीत घातल्याची तारीख. तीन ट्रे: आलेल्या, भरायच्या, पाठवलेल्या. कार्ड हाताने पुढच्या ट्रेत सरकवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी दिवसातून दोनदाच बघायच्या आणि बघताना लगेच कार्डावर उतरवायच्या. वाचून "नंतर लिहू" म्हटलेली ऑर्डर वर येणाऱ्या मेसेजांखाली गाडली जाते. फोनवर ऑर्डर आली तर कार्ड लिहून होईपर्यंत फोन ठेवायचा नाही, गिऱ्हाईकाला शेवटी वाचून दाखवायचं. चूक तिथेच सापडते.

खाजण
खोटी तारीख चालत नाही. ती खोटी आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. मासिक विवरणपत्र असेल तर जीएसटीआर-१ ला (विक्रीचा तपशील) ११ आणि ३बी ला (कराचा गोषवारा) २० तारीख, कालनिर्णयवर त्याच ठळक लिहा. त्याआधी दुसऱ्या माणसाला गुंतवा: "८ तारखेला दुपारी आकडे वाचून दाखवते, फोनवर थांबा" असं सीएंना किंवा मैत्रिणीला सांगून ठेवा. समोर कुणीतरी वाट बघतंय ही खरी मुदत.

सुरंगी
खाजण म्हणतात त्याचाच एक प्रकार म्हणजे कुणाच्या तरी सोबतीने काम करणं. दुसऱ्याने मदत करायची नसते, त्याने फक्त त्याच खोलीत आपलं काम करायचं. मूल गृहपाठाला बसतं तीच वेळ नकोशा कामाला द्या. सोबतच्या माणसाने मध्ये बोलायचं नाही हे आधी ठरवून घ्या, नाहीतर गजाली सुरू होतात. चिपळूण, सावंतवाडीसारख्या गावांत वाचनालयात बसायची सोय होते, तिथे आपोआपच सोबत मिळते.

माजघर
हाकांबद्दल. दार नसलेल्या घरात "मला त्रास देऊ नका" हे सांगणं मोठ्यांना लागतं आणि टिकतही नाही. पडद्याच्या दांडीला लाल रुमाल बांधा: रुमाल आहे तोवर आग, पाणी, पडणं-लागणं सोडून काही नाही. पण रुमाल काढायची वेळ पाळली तरच घर तो मानतं. दिवसभर टांगलेल्या रुमालाकडे दोन दिवसांत कुणी बघत नाही. सासूबाईंना आधीच सांगा, "आई, टायमर वाजला की येते," आणि टायमर त्यांच्याजवळच ठेवा. ९० मिनिटांचा गजर माजघरात ठेवा असं तिवर म्हणाले, तो असा दुहेरी कामाला येतो.

आवाजाचंही थोडं. पत्र्यावरचा पाऊस मोठा असला तरी एकसारखा असतो, त्याने बऱ्याच जणांचं लक्ष उलट बसतं. मोडतं ते बोलण्याने, विशेषतः टीव्हीच्या. कानात काही लावायचंच तर शब्द नसलेलं लावा.

गणपतीत ही खोली मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना जाणार, हे गृहीत धरून मांडणी करा. लॅपटॉप, चार्जर, कार्ड, टायमर, आजचा डबा, सगळं एका झाकणाच्या पेटीत मावलं पाहिजे आणि पेटी उचलून ओटीवर नेता आली पाहिजे. झाकणाच्या आतल्या बाजूला पुन्हा सुरू करण्याच्या तीन ओळी चिकटवा: टेबल रिकामं कर, कार्ड वाच, १० मिनिटांचा टायमर लाव. गणपती किंवा शिमग्यात मोडलेल्या सवयी परत न लागण्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं की पहिली पायरी कोणती ते समोर लिहिलेलं नसतं.

निवळी
औषधाबद्दल जागेपुरतंच लिहितो, मात्रा वगैरे डॉक्टरांचं काम. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं ठेवावी लागते आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. पावसात घाट बंद पडला तर पंचाईत होते. म्हणून पट्टीवर शेवटच्या दहा गोळ्यांआधी लाल रेघ मारा, रेघ आली की त्याच दिवशी फोन. त्या औषधाने भूक मरते, तेव्हा जेवणाचा गजर वेगळा हवा.

ज्यांचं निदान व्हायचंय त्यांच्यासाठी: डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) नुसार लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. थायरॉइड, झोपेचे विकार आणि नैराश्यानेही असंच होतं, ते आधी तपासतात. विचारायला जागा हवी तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पडवी
सगळ्यांचे मनापासून आभार. आता हे सगळं एकदम करावंसं वाटतंय.

सुरंगी
तेच करू नका. नवेपणाच्या उत्साहात सगळं एका रविवारी मांडलं जातं आणि उत्साह ओसरला की सगळं एकदम पडतं. पहिले दोन आठवडे फक्त टेबल, दिवा आणि पुढच्या पायरीचं कार्ड. मग घड्याळ आणि दोन टायमर. मग डबे. ऑर्डरींचे ट्रे फेब्रुवारीत. एखादी गोष्ट लागोपाठ वापरली गेली नाही तर स्वतःला दोष देऊ नका, ती हातापासून किती लांब आहे ते मोजा. बहुतेक वेळा दोन फूट जवळ आणली की काम होतं.

पडवी
चिऱ्याच्या भिंतीत घड्याळासाठी खिळा धरत नाही, भुगा होतो. आणि कपाटावर थेट मार्करने लिहिलं तर पुसेल?

ठिणगी
चिरा ठिसूळ असतो, खिळा ठोकू नका. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून ६ मिलिमीटरचं भोक पाडा, लांब प्लास्टिक प्लग घाला, मग स्क्रू. भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्या, सांध्याजवळ नको. जड फळीसाठी भिंतीच्या नादी न लागता जमिनीवरची मांडणी घ्या. कपाटाच्या रंगावर मार्कर काही वेळा कायमचा बसतो, आधी आतल्या बाजूला एक रेघ मारून दुसऱ्या दिवशी पुसून बघा. पुसली नाही तर लॅमिनेट केलेला ए३ कागद चुंबकांनी लावा आणि त्यावर लिहा.